सुरक्षेचा वरखर्च

इंटरनेटवरील प्रत्येक कुलूप थोडी जागा अडवते आणि थोडा वेळ घेते. हा खर्च नेमका किती, तो कोठे होतो आणि अखेर कोणाच्या माथी पडतो, याचा हा लेखाजोखा.

२५ जानेवारी २००३. ‘एसक्यूएल स्लॅमर’ नावाचा एक संगणकीय किडा जगभरच्या जाळ्यात शिरला. त्याचा आकार होता अवघा ३७६ बाइट. युनिकोडमध्ये टंकलिखित केलेल्या मराठी मजकुराच्या जेमतेम दोन ओळी एवढी जागा घेतात. या किड्याने कोणाची फाइल पुसली नाही की कोणाचा पासवर्ड चोरला नाही. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन तो आत शिरे आणि जोडणीचा वेग जितका असेल तितक्या वेगाने स्वतःच्याच प्रती वाट्टेल त्या पत्त्यांवर पाठवीत राही. सुरुवातीच्या काळात दर साडेआठ सेकंदांना त्याची लागण दुप्पट होत होती. दहा मिनिटांच्या आत त्याने बाधा होऊ शकणाऱ्या ९० टक्के यंत्रांना गाठले. सुमारे ७५ हजार यंत्रे बाधित झाली. दक्षिण कोरियातील इंटरनेट सेवा कोलमडली, तर अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकेची अनेक एटीएम यंत्रे बंद पडली. विशेष म्हणजे या त्रुटीवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२मध्येच उपलब्ध करून दिली होती.

सुरक्षा नसेल तर केवळ माहिती चोरीला जाते असे नाही, तर रस्ताच तुंबतो, हे स्लॅमरने दाखवून दिले. तथापि, या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सुरक्षेसाठी जे जे उपाय योजले जातात, तेही त्याच रस्त्यावरून जातात आणि त्यातील काही जागा व्यापतात. नेटवर्क अभियंते याला ‘ओव्हरहेड’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘वरखर्च’ हा चपखल शब्द आहे. ‘सुरक्षा हवी की वेग?’ असा प्रश्न कार्यालयांतून वरचेवर विचारला जातो. परंतु हा वरखर्च कोणत्या स्वरूपाचा आहे हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही. तो तीन प्रकारांनी द्यावा लागतो: जागेच्या रूपाने, फेऱ्यांच्या रूपाने आणि सामायिक सोयी गमावण्याच्या रूपाने.

पाकिटात पाकीट

इंटरनेटवरून जाणारी कोणतीही गोष्ट, मग तो ईमेल असो वा चित्रफीत, सलग जात नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, क्रमांक आणि इतर नोंदी असलेले ‘हेडर’ असते. नेहमीच्या व्यवहारात आयपी आणि टीसीपी या दोन नियमावल्यांची हेडर मिळून किमान ४० बाइट लागतात. इथरनेटवर एक पॅकेट साधारणपणे १५०० बाइटांपर्यंत असू शकते. म्हणजे प्रत्यक्ष मजकुरासाठी १४६० बाइट उरतात. सुरक्षेचा विचारही मनात येण्यापूर्वी पावणेतीन टक्के जागा पत्त्यातच जाते.

आता त्यात कुलूप घालायचे. ज्या संकेतस्थळाच्या पत्त्याची सुरुवात ‘एचटीटीपीएस’ने होते, तेथे टीएलएस ही नियमावली मजकुराचे एन्क्रिप्शन करते, म्हणजे तो कूटलिपीत बदलते. ती एका वेळी १६ हजार ३८४ बाइटांपर्यंतचा मजकूर एका गठ्ठ्यात बांधू शकते. टीएलएसच्या १.३ या आवृत्तीत नेहमीच्या पद्धतीने अशा गठ्ठ्यावर २२ बाइटांची भर पडते. पाच बाइट गठ्ठ्याच्या ओळखीसाठी, एक मजकुराचा प्रकार सांगण्यासाठी आणि १६ बाइट वाटेत कोणी फेरफार केला नाही ना, हे तपासण्याच्या मोहोरेसाठी. गठ्ठा पूर्ण भरलेला असेल तर हा खर्च हजार बाइटांमागे दीड बाइटही होत नाही.

मग एन्क्रिप्शनमुळे सारे काही मंदावते, हा समज आला कोठून? तो एकेकाळी खरा होता. नेटस्केपने १९९५मध्ये एसएसएल ही टीएलएसची पूर्वज नियमावली आणली, तेव्हाच्या संगणकांना कूटलेखनाचे गणित झेपत नसे. अनेक संकेतस्थळे म्हणूनच केवळ पासवर्ड विचारणारे पान कुलूपबंद ठेवत आणि पुढचा सारा व्यवहार उघड्यावर करीत. जानेवारी २०१०मध्ये गुगलने जीमेलसाठी एचटीटीपीएस कायमस्वरूपी सुरू केले. त्यानंतर कंपनीचे अभियंते अॅडम लँग्ली यांनी त्याचा हिशेब जाहीर केला. प्रोसेसरवरील भार एक टक्क्याहून कमी आणि जाळ्यावरील अतिरिक्त भार दोन टक्क्यांहून कमी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘फायरशीप’ हे छोटेसे सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले. उपाहारगृहातील खुल्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या व्यक्तीचे खाते ताब्यात घेणे किती सोपे आहे, हे त्याने कोणालाही करून पाहता येईल अशा रीतीने दाखवले. वाचवलेल्या दोन टक्क्यांची किंमत काय होती, ते तेव्हा अनेकांच्या लक्षात आले.

एकाच संभाषणाची दोन कुलपे

असे असले तरी ‘दोन टक्के’ हा आकडा सर्वत्र लागू पडत नाही. कुलपाचे वजन बव्हंशी ठरलेले असते, पेटी मात्र लहानमोठी असते. मोठ्या पेटीला ते जाणवत नाही, लहान पेटी त्याच्या भाराने वाकते.

इंटरनेटवरून होणाऱ्या दूरध्वनी संभाषणाचे उदाहरण घेऊ. ‘जी.७२९’ या प्रचलित पद्धतीत आवाजाचे दर २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकडा असतो फक्त २० बाइटांचा. त्यावर ४० बाइटांची हेडर चढतात. अशी ६० बाइटांची ५० पॅकेट दर सेकंदाला जातात, म्हणजे सेकंदाला २४ किलोबिट. येथे मालापेक्षा बारदानच जड आहे.

हे संभाषण दोन शाखांमधील आयपीसेक बोगद्यातून न्यायचे ठरवले, तर मूळ पॅकेट पत्त्यासकट कूटबद्ध होते आणि त्यावर नव्या पत्त्याचे नवे पाकीट चढते. नव्या पत्त्याचे २० बाइट, बोगद्याच्या ओळखीचे आठ, कूटलेखनाच्या आरंभमूल्याचे १६, मोहोरेचे १२ आणि १६च्या पटीत आकार बसवण्यासाठी केलेली भरताड धरून ६० बाइटांचे पॅकेट १२० बाइटांचे होते. खर्च दुप्पट, सेकंदाला ४८ किलोबिट. याउलट १४०० बाइटांचे पॅकेट त्याच बोगद्यातून नेले तर ते १४६४ बाइटांचे होते. वाढ पाच टक्क्यांहूनही कमी.

याच संभाषणाला दुसरे कुलूप लावता येते. २००४मध्ये प्रमाणित झालेली ‘एसआरटीपी’ ही नियमावली केवळ आवाज कूटबद्ध करते, पत्ता उघडा ठेवते आणि १० बाइटांची मोहोर लावते. पॅकेट ७० बाइटांचे होते, खर्च सेकंदाला २८ किलोबिट. जोडणीच्या खालच्या थरांतील खर्च बाजूला ठेवला, तर २५६ किलोबिटच्या वाहिनीवर कुलपाविना १० संभाषणे बसतात, एसआरटीपीने नऊ आणि आयपीसेकने पाच. अर्थात, या दोन कुलपांत फरक आहे. एसआरटीपीत काय बोलले ते कळत नाही, परंतु कोणत्या दोन पत्त्यांमध्ये बोलणे झाले ते कळते. बोगद्यात तेही झाकले जाते. कोणती गोष्ट झाकायची आहे हे आधी ठरवले, तर नऊ आणि पाच यांतील निवड डोळसपणे करता येते. ते न ठरवता सरसकट सर्वांत जाड कुलूप लावले, तर आवाज तुटतो आणि मग वैतागून कोणीतरी कुलूपच काढून टाकतो.

दीड हजारांची चौकट

बोगद्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण वारंवार उद्भवते. आधीच १५०० बाइटांनी काठोकाठ भरलेले पॅकेट बोगद्यात शिरले, तर वरील हिशेबाने ते १५६० बाइटांचे होते. परंतु वाट तर १५०० बाइटांचीच आहे. साहजिकच त्याचे दोन तुकडे करावे लागतात, एक भलामोठा आणि एक चिमुकला. राउटरचे काम दुप्पट होते आणि दोनपैकी एक तुकडा हरवला तरी दुसरा वाया जातो.

हे टळावे म्हणून इंटरनेटमध्ये मुळातच एक सोय आहे. वाटेतील राउटर ‘पॅकेट फार मोठे आहे, लहान करा’ असा निरोप आयसीएमपी या नियमावलीद्वारे उलट पाठवतो. गंमत अशी, की अनेक कार्यालयांतील फायरवॉल सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीचे सारेच निरोप अडवतात. पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. तो तेच मोठे पॅकेट पुनःपुन्हा पाठवीत राहतो. जोडणी झालेली दिसते, छोटा ईमेल जातो, परंतु त्याला जोडपत्र लावले की सारे ठप्प होते. येथे एका सुरक्षा उपायाचा वरखर्च दुसऱ्या सुरक्षा उपायाने कित्येक पटींनी वाढवलेला असतो. यावर उपाय साधा आहे. आवश्यक तेवढे निरोप येऊ द्यायचे आणि पॅकेटचा आकार आधीच कमी ठेवायचा. ‘वायरगार्ड’ ही अलीकडची व्हीपीएन पद्धत तेच करते. तिचे पाकीट आयपीच्या चौथ्या आवृत्तीवर ६० आणि सहाव्या आवृत्तीवर ८० बाइट घेते. म्हणून ती आतील पॅकेटची मर्यादा मुळातच १४२० बाइट धरून चालते.

बाइट स्वस्त, फेरी महाग

आतापर्यंतचा हिशेब जागेचा झाला. संकेतस्थळ उघडताना जाणवणारा विलंब मात्र बहुधा जागेमुळे नसतो, तर फेऱ्यांमुळे असतो. सुरक्षित जोडणी करण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एकमेकांची ओळख पटवून घ्यावी लागते आणि सामायिक किल्ली ठरवावी लागते. या प्राथमिक बोलणीला ‘हँडशेक’ म्हणतात. टीएलएसच्या १.२ या आवृत्तीत टीसीपीची एक आणि हँडशेकच्या दोन, अशा तीन फेऱ्या झाल्यावरच ब्राउझरला आपली पहिली मागणी पाठवता येते. सर्व्हर शहरातच असेल तर या तीन फेऱ्या डोळ्यांची पापणी लवण्याआधी पूर्ण होतात. उपग्रहावरून जोडणी असेल तर चित्र बदलते.

भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५ हजार ७८६ किलोमीटर उंचीवर असतो. मागणी वर जाऊन खाली येणे आणि उत्तर वर जाऊन खाली येणे, असा सुमारे एक लाख ४३ हजार किलोमीटरचा प्रवास एका फेरीत घडतो. प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तीन फेऱ्या म्हणजे दीड सेकंद आणि अजून पानाचे एक अक्षरही आलेले नसते. पान पाच वेगवेगळ्या सर्व्हरवरून मजकूर आणत असेल, तर प्रत्येकाशी ही बोलणी नव्याने करावी लागते. बँडविड्थ वाढवून हा विलंब कमी होत नाही, कारण रस्ता रुंद केल्याने अंतर घटत नाही.

भारतात दुर्गम भागांतील बँकशाखा आणि एटीएम यंत्रे व्हीसॅट म्हणजे छोट्या उपग्रह-अँटेनांनी जोडण्याची पद्धत जुनी आहे. अशा जोडण्यांवर विलंबाची झळ कमी करण्यासाठी वाटेत खास यंत्रे बसवतात. टीसीपीची हेडर वाचून ती पलीकडच्या वतीने पोच आधीच देऊन टाकतात, त्यामुळे पाठवणारा खोळंबत नाही. परंतु आयपीसेकने हेडरच कूटबद्ध केले की या यंत्रांना काही वाचता येत नाही आणि त्यांचा उपयोग संपतो. इंटरनेटच्या मानकांचे काम पाहणाऱ्या अभियंत्यांनी २००१मध्येच या पेचाची नोंद केली होती. जेथे विलंब मुळातच जास्त, तेथेच सुरक्षेचा फटकाही जास्त, असा हा विचित्र न्याय आहे.

या दुखण्यावर गेल्या दशकात बरेच काम झाले. ऑगस्ट २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीएलएस १.३ने हँडशेकची एक फेरी वाचवली. मे २०२१मध्ये प्रमाणित झालेल्या ‘क्विक’ या नियमावलीने जोडणी आणि हँडशेक एकाच फेरीत आणले. पूर्वी भेट दिलेल्या संकेतस्थळाला तर पहिल्याच पॅकेटबरोबर मागणी पाठवण्याची सोयही झाली. मात्र या शेवटच्या सोयीत एक मेख आहे. वाटेत कोणी ते पॅकेट टिपून पुन्हा पाठवले, तर सर्व्हरला ती मागणी नवीच वाटू शकते. बातमीचे पान दोनदा मागवले गेले तर काही बिघडत नाही, पैसे दोनदा वळते झाले तर बिघडते. म्हणून पैशांच्या व्यवहारांसाठी ही सोय वापरू नये, असा जाणकारांचा सल्ला आहे. वाचवलेली प्रत्येक फेरी फुकट मिळत नाही, ती अशी.

सामायिक साठ्याचा अंत

तिसरा खर्च सर्वांत कमी चर्चिला गेलेला आहे. एकेकाळी महाविद्यालये, कार्यालये आणि लहान इंटरनेट सेवादार आपल्या जाळ्याच्या तोंडाशी एक साठवण-सर्व्हर ठेवत. पहिल्या विद्यार्थ्याने एखादे पान मागवले की त्याची प्रत तेथे राही आणि पुढच्या ५० जणांना ती तेथूनच मिळे. बाहेरची महागडी वाहिनी एकदाच वापरली जाई. एचटीटीपीएसमध्ये हे शक्य नाही. प्रत्येक जोडणीची किल्ली वेगळी, त्यामुळे एकच पान प्रत्येकासाठी वेगळ्या कूटलिपीत येते. मधल्या सर्व्हरला ते केवळ निरर्थक आकड्यांचे भेंडोळे दिसते. ५० जणांसाठी तेच पान ५० वेळा आणावे लागते. येथे वाढ दोन टक्क्यांची नसते, ५० पटींची असते.

वेब-रचनेतील अमेरिकी जाणकार एरिक मेयर यांनी २०१८मध्ये युगांडाच्या ग्रामीण भागातील शाळेच्या अनुभवावरून हा मुद्दा मांडला. तेथील जोडणी उपग्रहावरून होती आणि महिन्याला वापरता येणाऱ्या डेटाला मर्यादा होती. साठवण-सर्व्हरच्या आधारावर चालणारे वर्ग संकेतस्थळे एचटीटीपीएसकडे वळल्यावर अडचणीत आले. एकूण विचार करता एचटीटीपीएस हिताचेच आहे, हे मेयर यांनी नाकारले नाही. परंतु या हिताची किंमत कोणी चुकती केली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मोठ्या कंपन्या आपला मजकूर शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवून हा तोटा भरून काढतात. तथापि ते सर्व्हर महानगरांत असतात, शाळेच्या कौलाखाली नसतात.

सुरक्षा दुरुस्त्यांच्या बाबतीतही हेच घडते. विंडोज एक्सपीची दुसरी सेवा-आवृत्ती ऑगस्ट २००४मध्ये आली. तिने फायरवॉल आपोआप सुरू करण्यासारख्या महत्त्वाच्या सुधारणा केल्या. तिची संपूर्ण प्रत सुमारे २७० मेगाबाइटची होती. ५६ किलोबिटच्या डायलअप जोडणीवर, एकदाही न तुटता, ती उतरवायला साडेदहा तासांहून अधिक वेळ लागला असता आणि तेवढा वेळ दूरध्वनीचे मीटर चालू राहिले असते. मायक्रोसॉफ्टने म्हणूनच तिच्या सीडी विनामूल्य पाठवल्या. ज्यांना सीडी मिळाली नाही आणि वेगवान जोडणीही नव्हती, त्यांचे संगणक उघडेच राहिले.

बोगद्यात अडकलेले कार्यालय

सुरक्षेचा वरखर्च एरवी तांत्रिक विभागापुरता राहतो. मार्च २०२०मध्ये तो घरोघरी पोहोचला. टाळेबंदी लागू झाली आणि पुणे-मुंबईसह देशभरातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे कर्मचारी घरून काम करू लागले. दूरसंचार विभागाने त्यासाठी नियम शिथिल केले. अनेक ठिकाणी व्हीपीएनची रचना अशी होती, की कर्मचाऱ्याच्या संगणकावरील सारी वाहतूक आधी कार्यालयात जावी, तेथे तपासली जावी आणि मग बाहेर पडावी. मोजक्या फिरत्या कर्मचाऱ्यांसाठी ही रचना योग्य होती. सारेच कर्मचारी घरी बसल्यावर ती गळ्याशी आली.

समजा, १०० कर्मचारी एकाच वेळी प्रत्येकी दोन मेगाबिटच्या दृक्‌श्राव्य बैठकीत आहेत. बैठकीची सेवा मुळात कार्यालयात नाहीच, ती इंटरनेटवर आहे. तरीही तिचे २०० मेगाबिट आधी कार्यालयाच्या वाहिनीतून आत येतात आणि मग कर्मचाऱ्यांकडे जाण्यासाठी पुन्हा बाहेर पडतात. शिवाय अशा बैठकींची पॅकेट आधीच कूटबद्ध असतात, त्यांच्यावर पुन्हा बोगद्याचे कुलूप चढते. मायक्रोसॉफ्टने त्या काळात आपल्या ग्राहकांना बैठका आणि ऑफिस सेवांची ओळखीची, आधीच सुरक्षित असलेली वाहतूक बोगद्याबाहेरून थेट नेण्याचा सल्ला दिला. याला ‘स्प्लिट टनेल’ म्हणतात. त्याचा तोटा असा, की थेट जाणाऱ्या वाहतुकीवर कार्यालयाची नजर राहत नाही. ती किती थेट सोडायची याची यादी कोणीतरी जबाबदारीने करावी लागते आणि वेळोवेळी तपासावी लागते.

कुलपाचेच हत्यार

काही वेळा सुरक्षेचा वरखर्च हल्लेखोरांच्या हातातील शस्त्र बनतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी डीएनएस यंत्रणा मूळ रचनेत ५१२ बाइटांपर्यंतची उत्तरे देत असे. उत्तर बनावट नाही याची खात्री पटावी म्हणून त्यावर डिजिटल सही करण्याची डीएनएससेक ही पद्धत आली. तिने १५ जुलै २०१०पासून मूळ क्षेत्रातही प्रवेश केला. एक २०४८ बिटांची आरएसए सही २५६ बाइट घेते. सह्या आणि किल्ल्यांमुळे उत्तरे हजारो बाइटांपर्यंत फुगू शकतात. हल्लेखोर दुसऱ्याच्या पत्त्याने छोटा प्रश्न विचारतो आणि भलेमोठे उत्तर त्या निरपराधाच्या दारावर जाऊन आदळते. मार्च २०१३मध्ये ‘स्पॅमहाउस’ या संस्थेवर झालेल्या हल्ल्यात डीएनएसची अशीच मोठी उत्तरे वापरली गेली आणि हल्ल्याचा जोर सेकंदाला ३०० गिगाबिटपर्यंत गेल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. आकाराने लहान, ६४ बाइटांच्या सह्या आणि उत्तराच्या आकारावर १२३२ बाइटांची मर्यादा हे त्यावरचे पुढचे उपाय. सही रद्द करणे हा उपाय नव्हे, ती आटोपशीर करणे हा आहे.

उद्याचे जड कुलूप

हा प्रश्न येत्या काळात अधिक तीव्र होणार आहे. पुरेशा क्षमतेचे क्वांटम संगणक आले तर किल्ली ठरवण्याच्या प्रचलित पद्धती फोडता येतील. आज टिपून ठेवलेला कूटबद्ध मजकूर तेव्हा उलगडता येईल. म्हणून अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने १३ ऑगस्ट २०२४ रोजी नव्या पद्धतींची पहिली मानके जाहीर केली. या पद्धती वेगवान आहेत, मात्र आकाराने मोठ्या आहेत. प्रचलित पद्धतीत किल्ली ठरवताना प्रत्येक बाजू ३२ बाइट पाठवते. नव्या एमएल-केईएमच्या मध्यम पातळीत एक बाजू ११८४ आणि दुसरी १०८८ बाइट पाठवते. सहीचा आकार तर ६४ बाइटांवरून २४२० बाइटांवर जातो आणि एका हँडशेकमध्ये अशा अनेक सह्या असतात.

गुगलच्या क्रोम ब्राउझरने एप्रिल २०२४मध्ये किल्लीची नवी पद्धत जुनीच्या जोडीने आपोआप सुरू केली. त्यामुळे हँडशेकचा पहिलाच निरोप एका पॅकेटमध्ये मावेनासा झाला. पहिला निरोप एकाच पॅकेटचा असतो, असे गृहीत धरून बसलेले काही जुने फायरवॉल आणि सर्व्हर त्यामुळे गोंधळले आणि जोडण्या तुटल्या. मोठी चित्रफीत पाहणाऱ्याला ही हजार-दोन हजार बाइटांची भर जाणवणार नाही. दर तासाला ५० बाइटांची नोंद पाठवणाऱ्या शेतातील हवामान-यंत्राला किंवा विजेच्या मीटरला ती जाणवेल. प्रत्येक नोंदीसाठी नवा हँडशेक केला तर आजही प्रमाणपत्रांसकट काही हजार बाइट खर्ची पडतात, म्हणजे मजकुराच्या कित्येक पट. जोडणी टिकवून ठेवणे किंवा आधीच्या ओळखीवर ती पुन्हा सुरू करणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

हिशेब कसा मांडावा?

या साऱ्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. सुरक्षेमुळे जाळे मंदावते ही तक्रार खोटी नाही, परंतु ती बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी बोट ठेवते. कूटलेखनाचा स्वतःचा भार आज नगण्य आहे. भार पडतो तो पॅकेटच्या आकाराकडे दुर्लक्ष केल्याने, जोडण्या वारंवार तोडून नव्याने केल्याने, सारी वाहतूक एकाच दारातून नेल्याने आणि सामायिक साठा गेल्यावर त्याची पर्यायी सोय न केल्याने. यांपैकी प्रत्येक दोषाला कुलूप न काढता करण्याजोगा उपाय आहे. कार्यालयांनी, संस्थांनी आणि सरकारी विभागांनी नवी यंत्रणा बसवताना तिचा वेग केवळ महानगरातील फायबर जोडणीवर मोजू नये. सर्वांत दूरच्या आणि सर्वांत बारीक वाहिनीवर ती कशी चालते, हे पाहावे. सुरक्षेचा वरखर्च सर्वांना सारखा लागतो, परंतु तो सर्वांना सारखा परवडत नाही. ज्याला तो परवडत नाही, तो अखेर असुरक्षित मार्ग निवडतो. आणि एका असुरक्षित यंत्राची झळ इतरांना किती लागते, हे २००३च्या त्या शनिवारी दिसलेच आहे.

चौकट: कोणत्या कुलपाचे किती वजन?

• टीएलएस १.३ : १६ हजार ३८४ बाइटांपर्यंतच्या प्रत्येक गठ्ठ्यावर २२ बाइट

• एसआरटीपी : आवाजाच्या प्रत्येक पॅकेटवर नेहमीच्या मोहोरेसह १० बाइट

• वायरगार्ड : प्रत्येक पॅकेटवर ६० किंवा ८० बाइट

• आयपीसेक बोगदा : प्रत्येक पॅकेटवर वरील उदाहरणांत ६० ते ६४ बाइट, पद्धतीनुसार कमीअधिक

• मागणी पाठवण्यापूर्वीच्या फेऱ्या : टीएलएस १.२ला तीन, टीएलएस १.३ला दोन, क्विकला एक

• भूस्थिर उपग्रहावरून एक फेरी : सुमारे अर्धा सेकंद